रिकाम्या बंगलीचं पाणी

बेचाळीसची चळवळ पेटली होती. साताऱ्यात भूमिगतांचा शोध चालू होता, आणि मी नगरपालिकेतला कारकून कोरेगावच्या रस्त्याकडच्या गल्लीतल्या जुन्या बंगल्यांचा इतिहास लिहून घेत होतो. कोणी बांधली, कोणाला विकली, आता कोण राहतं. हे कागद शेवटी पोलिसांच्या हातात जाणार, हे मला ठाऊक होतं.

गल्लीची खरी माहिती एका पाणक्याला होती. त्याचं नाव मी विचारलं नाही. कळलं असतं तर लिहावं लागलं असतं. खांद्यावरची कावड खाली न ठेवताच तो सांगायचा, "ही कचेरीतल्या शिरस्तेदारानं बांधली. ती सुभेदाराची, छप्पर दोनदा उडालं." पाणी हिंदकळू नये म्हणून एका हाताने डबा धरून असायचा.

शेवटच्या बंगलीपाशी म्हणाला, "ही रिकामी हाय. लय वर्सं झाली, कुनी ऱ्हात न्हाई."

दाराला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी मात्र तो तिच्याच मागच्या दारी पाणी ओतताना दिसला. मला पाहताच थबकला.

"झाडास्नी घालतुया."

परसात एकही झाड नव्हतं. ते त्याच्याही लक्षात आलं. मग खाली बघत हळूच म्हणाला, "आवं साहेब, बंद घरालाबी तहान लागती."

मी 'रिकामी' असं लिहिलं. अक्षर कापरं आलं. कोणाला संशय नको, म्हणून घरी जाऊन तो सबंध कागद पुन्हा ठसठशीत अक्षरात लिहून काढला.