सहा नंबरच्या नटावर चिमणीचा पाय

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, तोही मेकॅनिकलचा. गेजवर जे दिसत नाही ते मी मानत नसे. तरीही हे लिहितोय...

भोपाळ, सरकारी कारखान्याची टाउनशिप. मी इथे इंजिनिअर. माझे वडील — अण्णा — याच कारखान्यात फिटर होते. लिहिणं सहीपुरतं. पण हातोडीने बोल्ट ठोकून नुसत्या आवाजावरून खराब बोल्ट ओळखायचे आणि त्यावर खडूने चिमणीचा पाय काढायचे. तीन रेघा, तीन बोटं. बोटं शेजारच्या ज्या बोल्टकडे, तो ढिला करायचा नाही. ही खूण त्यांची एकट्याची. ते रिटायर होऊन चार वर्षं झाली होती.

सेफ्टी वीकचा शेवटचा दिवस, कँटीनमध्ये खीर-पुरी. कँटीनच्या स्टीम लाइनवरच्या फ्लँजचे, म्हणजे पाइपच्या जोडाचे, आठ बोल्ट गंजलेले. लाइन बंद केली तर खीर बोंबलली, म्हणून प्रेशर कमी करून चालू लाइनवरच बदलायचे ठरले — एक काढायचा, नवा घट्ट बसवायचा, मगच पुढचा. परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, पहिल्यांदाच माझी सही. आठही नट मी स्वतः वायर ब्रशने घासले, नंबर टाकले. ठोकून मात्र पाहिले नाहीत. ते मला अडाणीपणाचं वाटायचं.

एक नंबर झाला. आता समोरचा पाच. फिटर रघुवीर नुकताच बदलून आलेला, अण्णांना त्याने पाहिलंही नव्हतं. पाचवर पाना लावून म्हणाला, "साब, खोलूँ?"

आणि मला सहावर चिमणीचा पाय दिसला. ताजा, पांढरा. बोटं पाचकडे.

"रुको," म्हणालो. हातोडी मागवली, ठोकलं. सगळे खणखणीत, सहा नंबर बद्द. मी लाइन बंद करायला लावली. कँटीनवाले चाचा आले आणि अस्सल भोपाळी ढंगात म्हणाले, "को खां, पढ़े-लिखे होके भूखा मारोगे?" पोरं हसली. मी मान खाली घालून उभा.

लाइन गार झाल्यावर सहाचा नट फिरवला, तर बोल्ट दोन तुकड्यांत हातात आला. शेजारचा पाचही सोडला असता तर जोड फाकून वाफ थेट रघुवीरच्या तोंडावर. त्याने तुकडे पाहिले आणि मला उचललंच. त्या दिवशी खीर तीन वाजता मिळाली. चाचांनी मला दोन वाट्या वाढल्या.

संध्याकाळी क्वार्टरवर गेलो. अण्णांचं दोन दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला पट्टी. आई म्हणाली, दिवसभर कॉटवरून उठले नाहीत. मी सगळं सांगितलं.

अण्णांनी एवढंच विचारलं, "बोटं कुठल्या बाजूला होती?"

"पाचकडे."

"मग बरोबर काढलाय," म्हणाले, आणि हसत सुटले. "आज झालास रे तू ग्रॅज्युएट. ठोकून बघितलंस."

आईने त्या रात्री पुन्हा शिरा केला, डिग्रीच्या निकालाला केला होता तसाच.

खूण कुणी काढली? रघुवीरने नाही, मी नाही. सगळ्या बाजूंनी विचार करून झालाय, उत्तर नाही. पण आजही परमिटवर सही करण्याआधी मी प्रत्येक बोल्ट ठोकतो — आणि एकदा सहा नंबरकडे बघून घेतो.