न बांधलेला फेटा

आदरणीय मगदूम वकीलसाहेबांना मी प्रथम पाहिले ते एका सत्काराच्या मांडवात. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, मी बारावीत होते. हुपरीजवळचे आमचे गाव चांदीकामाचे. संजू नावाचा कारागीर चांदी चोरून पळताना पोलिसाच्या गोळीने मेला होता. गोळी झाडणाऱ्या तरुण हवालदारांना फेटा बांधायला गावाने साहेबांना कोल्हापूरहून बोलावले होते. चोर पकडल्याचा सत्कार, एवढेच त्यांना सांगितले होते.

संयोजकांत माझे वडील होते. त्यांनी फेट्याचे ताट पुढे केले. तोवर साहेबांच्या कानावर खरा प्रकार आला होता. त्यांनी विचारले, "तो अंगावर आला होता, की पळत होता?"

"पळतच हुता की! म्हणून तर पाठीत बसली!" मागून कोणीतरी ओरडले आणि सारा मांडव हसला. वडीलही हसले. माझ्या पैंजणाची तुटलेली कडी याच संजूने जोडून दिली होती.

साहेबांनी ताट खाली ठेवले. "तो जिवावर उठला असता तर गोष्ट वेगळी. पळणाऱ्याला धरायला पोलिसांनी बळ जरूर वापरावं. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यासाठी धरताना जीव घ्यायचा अधिकार कायद्यानं त्यांना दिलेला नाही. अशा चोरीला दोन्ही नाहीत."

"पावणं, चोराचं वकीलपत्र घिऊन आलायसा व्हय?" पुन्हा मागून आवाज आला.

हवालदार खुर्चीतून अर्धवट उठले. "साहेब, हातातनं सुटला असता ओ."

"सुटू द्यायचा. उद्या धरला असता."

बंदूक बाळगणाऱ्या माणसालाही हा कायदा ठाऊक नव्हता, आणि आम्ही त्याच्यासाठी हार आणले होते! तो धक्का अजून ओसरलेला नाही.

साहेब तिथून थेट संजूच्या घरी निघाले. घर दाखवायला मीच गेले. त्याच्या आईने दार अडवूनच विचारले, "पोरगं चोर हुतं, साहेब. मग बी केस चालतीया?"

"चालते, आई."

त्या एका शब्दासाठी मी वकील झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हते. वडील म्हणाले, "चोरांची बाजू घ्यायला शिकणार व्हय?" साहेब आमच्या घरी आले, पिठलं-भाकरी मागून घेतली आणि वडिलांशी तासभर फक्त त्यांच्या धंद्यातल्या डागकामाबद्दल, चांदीचे सांधे जोडण्याबद्दल बोलले. उठताना म्हणाले, "पोरीला माझ्याकडे पाठवा." वडिलांना नाही म्हणता आले नाही. कोर्टात साहेब आता माझी ओळख 'माझ्या सहकारी' अशी करून देतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी मागे वळून पाहिले होते.

संजूचा खटला अजून चालू आहे. साहेब एकही तारीख चुकवत नाहीत. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अमृतमहोत्सवाला त्यांनी एकच अट घातली: "त्या निकालाआधी मला फेटा बांधायचा नाही."

हे मी संजूच्या आईंना सांगितले. त्या आता नीट चालू शकत नाहीत. म्हणाल्या, "मग साहेबास्नी सांग, निकाल हुईस्तोवर तब्येत सांभाळा म्हणावं. फेटा मी बांधणार हाय."

साहेब, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्या माउलीलाही.