शाल, श्रीफळ आणि पासवर्ड

आमच्या लालबागच्या चाळीतल्या जवळजवळ सगळ्या खोल्यांचे कागद माझ्या घरात, टीव्हीखालच्या फळीवर, एका काळ्या डब्यात आहेत. डबा पोळ्यांच्या डब्याएवढा. आत दोन हार्डडिस्क, मागे एक वायर इंटरनेटच्या राउटरला जोडलेली, पुढे चार हिरवे दिवे. घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्यात कागद ठेवता येतात, काढता येतात. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते. चाळीच्या पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली तेव्हा शेजाऱ्यांचे कागद स्कॅन करून ठेवायची हौस मीच काढली. हौस माझी, डबा माझा, वीजबिल माझं. लोकार्पण मात्र चाळ समितीने केलं.

ते गच्चीवर झालं. बॅनरवर डब्याचा फोटो पासपोर्टच्या आकाराचा आणि प्रमुख पाहुण्यांचा पूर्णाकृती होता. डब्याला झेंडूचा हार घातला. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा मी डबा हातभर मागे ओढला. त्या दिवशीचं माझं तांत्रिक योगदान तेवढंच. समितीच्या सेक्रेटरींना नुसती फीत कापून समाधान नव्हतं. आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि माझ्याच कॉम्प्युटरवर बसून त्यांनी डब्याचा मुख्य पासवर्ड बदलला. "सुरक्षा, मॅडम, सुरक्षा," असं म्हणत चोवीस अक्षरं टाइप केली. मधे आकडे, शेवटी दोन उद्गारचिन्हं. ती चोवीस अक्षरं त्यांनी सुवाच्य अक्षरात एका कागदावर उतरवली, कागद केशरी पाकिटात घातला, आणि दुसऱ्या दिवशी ते पाकीट शाल-श्रीफळासोबत पाहुण्यांच्या हातात दिलं.

"आपल्या चाळीच्या स्मृतींची किल्ली आज आम्ही आपल्या हाती सोपवत आहोत!"

टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी पाकीट कपाळाला लावलं आणि गाडीत बसून ते निघून गेले.

मी त्यांना थांबवलं नाही. एक तर हसू दाबण्यात गुंतले होते, आणि दुसरं म्हणजे माझ्या कॉम्प्युटरने तो पासवर्ड आपला आपण लक्षात ठेवला होता. मला काहीच अडत नव्हतं. तो कॉम्प्युटर गेल्या दिवाळीत बंद पडला आणि भंगारवाल्याकडे गेला. जाताना चोवीस अक्षरं घेऊन गेला हे मला मे महिन्यापर्यंत कळलं नाही, कारण तोवर डबा कोणी उघडलाच नव्हता. एखादी गोष्ट जतन करून ठेवली की तिच्याकडे बघायचं बंधन राहत नाही.

मे महिन्यात नोटीस लागली. कुठली खोली कोणाच्या नावावर आहे याची तपासणी, सोमवारी, जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये. मूळ कागद किंवा वाचता येईल अशी प्रत आणावी. नोटीस लागली त्याच दुपारी कोपऱ्यातल्या खोलीतल्या आक्का माझ्या दारात उभ्या राहिल्या.

आक्का पंचाहत्तरीच्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर त्यांनी चार माणसांचे डबे करून दोन मुली वाढवल्या. खोली नवऱ्याच्या नावावर होती. ती आक्कांच्या नावावर करायला हरकत नाही, असं एका पानाचं पत्र घरमालकांनी तेव्हा आपल्या गावाहून फॅक्सने पाठवलं होतं. आक्कांकडे पुरावा म्हणून तेवढं एकच पान. दोन वर्षांपूर्वी ते मी स्कॅन केलं आणि त्यांना म्हटलं, "आता निर्धास्त राहा, आक्का. आता ह्याला काही होत नाही."

हे वाक्य मी उच्चारायला नको होतं. आक्का खरोखरच निर्धास्त झाल्या आणि एवढ्या मोलाच्या कागदाचा काही मान ठेवावा म्हणून त्याला घेऊन लॅमिनेशनच्या दुकानात गेल्या. फॅक्सचा कागद उष्णतेने काळा होतो. त्यावरची अक्षरंही उष्णतेनेच उमटवलेली असतात. मशीनच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आलं ते प्लास्टिकमधलं गुळगुळीत, कडक, काळंभोर पान.

"तुझ्या डब्यात आसा नां?" आक्का म्हणाल्या. "मगे माका एक प्रिंट काढून दी."

मी नव्या कॉम्प्युटरवर डबा उघडायला गेले. त्याने पासवर्ड विचारला.

सेक्रेटरींना पासवर्ड आठवत नव्हता. शेवटी दोन उद्गारचिन्हं होती, एवढं मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं. मी म्हटलं, पाहुण्यांना फोन करा. फोन त्यांच्या स्वीय सहायकांनी घेतला. सेक्रेटरींनी तो स्पीकरवर ठेवला होता.

"केशरी पाकीट? हो, आठवतंय. आत कागद होता."

"तोच! तोच हवाय साहेब!"

"त्याच्यावर इंग्रजीत काहीतरी उलटसुलट लिहिलं होतं. आम्हाला वाटलं छपाईची चूक. शाल आहे. शाल पाठवू का?"

फोन ठेवल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, रीसेट मारा. माझा मोबाईल अडकला की मी तेच करतो." रीसेटनंतर त्यांच्या मोबाईलमधले फोटो जातात की राहतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मोबाईल एकदम नव्यासारखा होतो."

मला नव्यासारखा डबा नको होता. जुन्यासारखाच हवा होता, फक्त उघडणारा.

डब्याबरोबर आलेली पुस्तिका मी कधी वाचली नव्हती. माझ्या ग्रंथालयात कोणी असं केलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. आता पहिल्या पानापासून वाचली, आणि खरं सांगायचं तर दहाव्या पानानंतर मला आक्कांचा कागद थोडा वेळ विसरायला झालं, इतकी ती रंजक होती. डब्याच्या मागे एक बारीक भोक आहे. त्यात टोकदार काही घालून आतलं बटण चार सेकंद दाबायचं. एकदा बीप वाजली की सोडायचं. एवढ्याने डबा फक्त मुख्य पासवर्ड आणि स्वतःचा नेटवर्कवरचा पत्ता विसरतो. पण सोडून लगेच परत चार सेकंद दाबलं आणि तीन बीप वाजल्या, तर तो स्वतःचं कामकाजच विसरतो आणि ते सगळं पुन्हा नव्याने बसवावं लागतं. तेव्हासुद्धा कागद शाबूत राहतील असं पुस्तिका म्हणत होती. मात्र त्याच वाक्याच्या शेपटाला तिने 'आधी दुसरीकडे प्रत करून ठेवा' असं जोडलं होतं. प्रत करायला आत शिरावं लागतं, आणि आत शिरायला पासवर्ड लागतो.

मी माझ्या परीने समजून घेतलं. ग्रंथपालाची किल्ली हरवली म्हणून पुस्तकं हरवत नाहीत. कुलूप बदललं की झालं. ती पहिली बीप. तीन बीप म्हणजे ग्रंथालयाचं सगळं फर्निचर बाहेर काढून आत नवीन आणायचं, पुस्तकं मात्र होती तिथेच राहतील म्हणायचं. फर्निचर हलवताना पुस्तकांचं काय होतं ते मी नोकरीत दोनदा पाहिलं आहे.

एक गोष्ट माझ्या बाजूची होती. डबा विकणाऱ्याने सांगितलं होतं की दोन्ही डिस्कवर तेच असतं, एक गेली तर दुसरी आहे. म्हणजे डबा बंद करून एक डिस्क बाहेर काढून ठेवली, तर बटणाशी काय वाटेल तो खेळ आत राहिलेलीवर होणार. मी डावीला एक टिकली लावली, उजवीला दोन, म्हणजे परत बसवताना जागा चुकायची नाही. दोन टिकल्यांवाली काढून टॉवेलमध्ये गुंडाळली आणि कपाटात साड्यांच्या मधे ठेवली. ती चांगली चालते की नाही हे मात्र मला ठाऊक नव्हतं. तिचा दिवा मी दोन वर्षांत कधी निरखून पाहिला नव्हता.

मग डबा चालू केला. पाच मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की आपली एक डिस्क गायब आहे, आणि तो बोंब मारायला लागला. बीप. थोडं थांबून, बीप. परत बीप. ही बोंब बंद करायची सोय होती, पण ती आत शिरल्यावर.

इथे मी अडले. मला एक बीप ऐकून बटण सोडायचं होतं आणि डबा सारखाच बीप करत होता. रीसेटची कुठली आणि रडण्याची कुठली, हे ओळखायचं कसं? चुकीच्या बीपला सोडलं, काही झालं नाही असं वाटून परत दाबलं, आणि त्याने ते दुसरं दाबणं समजून घेतलं तर? त्यात खाली मसाला कांडायची गिरणी. मे महिना, अख्ख्या मुंबईच्या मिरच्या आमच्या गल्लीत. मुसळं धाडधाड आपटत होती आणि मला दर दोन मिनिटांनी शिंक येत होती.

आक्का पलंगाच्या कडेला बसून सगळं पाहत होत्या. "किती शिट्ये व्हये तुका?"

"एक, आक्का. पण ही मधली मोजायची नाही."

"ती धरूचीच नाय. ती शेजाऱ्याची."

आमच्या मजल्यावर सकाळी अकराला सहा खोल्यांत सहा कुकर लागतात आणि सगळ्या बायका गॅलरीत बोलत उभ्या असतात. प्रत्येकीला फक्त आपल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. आक्कांना सगळ्यांच्या ऐकू येतात. "तुझी तिसरी झाली गो, डाळ लागतली," असं त्या गॅलरीच्या ह्या टोकावरून त्या टोकाला सांगतात आणि आजवर कधी चुकल्या नाहीत. मी ह्याचा कधी विचारच केला नव्हता. ते कौशल्य आहे असं वाटण्याइतकं ते कोणी गाजवलं नव्हतं.

"गिरणी जेवणाला कधी बंद होते?" मी विचारलं.

"दीडाक. तोवर माका ह्येचा ऐकू दी."

दीड वाजेपर्यंत आक्कांनी डब्याची बोंब ऐकली. डोळे मिटून, गुडघ्यावर एक बोट आपटत. मधे एकदा म्हणाल्या, "ह्यो दमानं वाजता. घाईचो नाय." गिरणी थांबली. मी यू-पिन सरळ केली आणि भोकात घातली. बटण लागल्याचं बोटाला कळलं.

"दाबते."

दाबलं आणि लगेच बीप वाजली. माझा हात सुटणारच होता.

"ती नव्हे! धर!"

मी धरलं. चार सेकंद म्हणजे किती, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. नाकात मिरची चढत होती.

"सोड!"

सोडलं. मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. "नक्की ना, आक्का? परत दाबू का?"

"हात लावशीत तर बघ," आक्का म्हणाल्या. "आडवी वाजली ती. मधेच. हातातला ठेव ता खाली."

मी पिन खाली ठेवली आणि मग मनसोक्त शिंकले.

डबा नव्या पत्त्यावर सापडला. त्याने माझं नवख्यासारखं स्वागत केलं आणि नवीन पासवर्ड ठेवायला सांगितलं. आत खोल्यांच्या क्रमाने फोल्डर होते तसेच होते. आक्कांच्या फोल्डरमध्ये एकच कागद. तो पडद्यावर उघडला, तेव्हा आक्का उठून अगदी जवळ आल्या.

"वाच."

इंग्रजी चार ओळी. मी मराठीत सांगितलं: अमुक खोलीचे भाडेकरू वारले, खोली त्यांच्या पत्नीच्या नावावर करण्यास माझी हरकत नाही. खाली सही आणि तारीख.

"इतक्याच?"

"एवढंच."

"माका वाटला, बरांच काय काय लिवलेला असतला," आक्का म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांनी तो ट्रंकेत तळाला, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवला होता आणि कोणाला वाचून दाखवायला सांगितलं नव्हतं. वाचून दाखवल्यावर भलतंच काही निघालं तर, ही भीती असावी.

दुसरी डिस्क तिच्या जागी बसवली. पहिलीवरचं सगळं तिच्यावर उतरायला दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली. सेक्रेटरींनी 'पुनर्लोकार्पण' असा शब्द काढून पाहिला. मी त्यांना नारळ आमटीत घालायला सांगितला.

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. आमचा नंबर आला. टेबलामागच्या कारकुनाने प्रिंट उलटसुलट पाहिली.

"ओरिजिनल?"

"फॅक्स होता. काळा पडला," मी म्हटलं.

"पडतात," तो म्हणाला. "ही छापलेली प्रत म्हणजे पुरावा नाही, मॅडम. पण तारीख आहे हे बरं झालं. तारखेशिवाय कुठे शोधणार?" त्याने घरमालकांच्या ऑफिसातून आलेल्या भाडेकरूंच्या जाडजूड नोंदवह्यांतली एक ओढली, त्या वर्षाची. पानं उलटली. दोन महिने पुढे गेला, एक मागे आला. आक्का त्याच्या बोटाकडे बघत होत्या. बोट एका ओळीवर थांबलं.

"हं. आहे. नाव बदललेलं आहे." त्याने आपल्या यादीत काहीतरी लिहिलं. "झालं, आजी. पुढचा नंबर."

आक्का उठल्या नाहीत.

"पेनान लिवलास की पेन्सिलीन?"

"आजी, यादी कच्ची आहे अजून. सगळ्यांचंच पेन्सिलीने असतं. पक्की होईल तेव्हा पेनाने."

"कधी होतली?"

"होईल महिन्या-दोन महिन्यांत."

"बरां," आक्का म्हणाल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि बाकावर नीट टेकून बसल्या. "मी हंयच असंय."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा बेचा पाढा वाचत राहिले. मागे रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओ साहेब, काय झालं, पुढे सरका की!" कारकुनाने सुस्कारा सोडला, खिशातून पेन काढलं आणि त्या ओळीवरून फिरवलं.

आक्का वाकून बघत होत्या. "जरा दाबून," त्या म्हणाल्या.