चार वेळा तरलेला माणूस

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचे तारण आजतागायत एकूण चार वेळा झालेले असून, त्यांपैकी एकही टिकले किंवा कसे याविषयी खुद्द लेखकासच खात्री नाही. कुणाची हरकत असल्यास त्याने थेट स्वर्गात अर्ज करावा.

हसलात ना? हसा. मीही पंचावन्न वर्षं लोकांना हसवतच आलो आहे. पण तारण ही आम्हा ख्रिस्ती माणसांत एकदाच घडायची गोष्ट. माणूस आपली सगळी पापं, सगळं भय प्रभूच्या पायाशी ठेवतो आणि मग जन्मभर निवांत होतो. आमच्या बिदरच्या मंडळीत साक्ष द्यायला उभा राहिलेला प्रत्येक जण तो दिवस असा सांगतो, की जणू कालच लग्न लागलं आहे. कुठलं गाव, कुठलं झाड, अंगात सदरा कुठला होता, सगळं पाठ! आणि माझ्याकडे असे दिवस चार. ज्याच्याकडे एकाच कामाच्या चार पावत्या असतात, त्याच्यावरच संशय घेतात की नाही लोक?

तुरीची रास संपली की आमच्या भागात सुवार्तेच्या सभा सुरू होतात. त्या मांडवाचा वास अजून माझ्या नाकात आहे: सडा घातलेली माती, उन्हात तापून निवत चाललेली ताडपत्री, आणि सगळ्यांवर तुरीच्या भुसकटाचा तो खाजरा, कोरडा दरवळ. भोंगा खरखरतो, पेटी लांबून रडल्यासारखी वाजते, आणि प्रवचन संपता संपता उपदेशक आवाज खाली आणून म्हणतात, डोळे मिटा, ज्याला प्रभूला जीवन द्यायचं आहे त्यानं हात वर करावा. पहिला हात मी नवव्या वर्षी वर केला, बिदरला, कन्नडमध्ये. दुसरा औरादजवळ एका तेलुगू सभेत. त्या प्रवचनातलं मला निम्मंच कळलं होतं, पण रडू मात्र पूर्ण आलं. तिसरा दखनीत. चौथा, लग्न झाल्यावर, आपल्या मराठीत. या सीमेवर जगायलाच तीन-चार भाषा लागतात, मग तरायलाही तितक्या लागणारच, असा माझा युक्तिवाद होता. खरी गोष्ट वेगळी होती. प्रत्येक वेळी घरी येईपर्यंत छाती हलकी असायची, आणि आठवड्याभरात आतून कुणीतरी विचारायचं, लागू पडलं का रे?

चौथ्या वेळी माझी बायको सुमन शेजारच्या बायकांच्या रांगेत होती. डोळे मिटायचे असताना तिनं ते उघडे ठेवले होते, हा तिचा अपराध मी इथंच नोंदवतो. वाटेत तिनं पदर तोंडाला लावून विचारलं, “पुन्यांदा हात वर केलाव? मागच्या बारीचं काय झालं, उतरलं व्हय?”

सुमनकडे एकही तारीख नव्हती. विचारलं तर म्हणायची, “मला कुठं म्हाईत? उठले तवा उजाडलंवतं.” रात्रीच्या प्रार्थनेला आम्ही दोघं गुडघे टेकायचो, मी पापांची यादी घेऊन अर्ध्यावर आलेलो असायचो आणि शेजारून संथ घोरणं सुरू व्हायचं. मी चिडवलं तर शांतपणे म्हणायची, “बापासंगं बोलता बोलता डोळा लागला, तर बाप रागं भरतोय व्हय?” एवढं मोठं धर्मशास्त्र तिनं उशीवर डोकं ठेवता ठेवता सांगून टाकलं, आणि मी मात्र त्यावर तोंडी परीक्षेला बसल्यासारखा रात्रभर जागा.

एसटी स्टँडवर तिचं रूप पाहावं! उदगीरची गाडी फलाटाला लागायच्या आत, वळणावरच, ती पळत जाऊन खिडकीतून माझा टॉवेल आत फेकायची. मी मागून केळी घेऊन नवाबासारखा डुलत यायचो. गाडीत टॉवेल उचलून बसलेला एखादा पैलवान गडी असला तरी ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची, आणि तो पैलवान मुकाट्यानं उठायचा. टॉवेलात काय जोर होता? फाटका, विटका, दोन बोटांत मावणारा टॉवेल! जोर तो टाकणारीत होता. हे मला ती असताना कधी सुचलं नाही. पाहा, किती गोष्टी माणसाला रिकाम्या फलाटावर उभं राहिल्यावर सुचतात.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. दुखणं लांबलं नाही. मुलगी पुण्याला, तिच्या संसारात. बिदरलगतच्या कोळारच्या एका गोदामात मी पोत्यांवर देखरेख करतो. दिवसभर थप्प्यांच्या सावलीत वावरायचं, हमालांना नकला करून दाखवायच्या, संध्याकाळी शटर खाली ओढायचं. त्या शटरचा खडखडाट थांबला की जी शांतता पसरते ना, ती घरापर्यंत माझ्यामागून चालत येते, आणि कुलूप मी उघडलं तरी आत पहिली तीच शिरते. चहा अजूनही माझ्या हातून दोन कपांचा होतो. दुसरा कप मीच पितो, पण जरा वेळानं. उगाच, कुणीतरी उशिरा आल्यासारखा.

मंडळीत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. सुमनची जागा तीन रविवारांत भरली. कुणी मुद्दाम केलं नाही; सतरंजीवर माणसं सरकतातच. पण त्या दिवसापासून मी मागं मागं सरकत चपलांजवळच्या शेवटच्या ओळीत येऊन बसलो. दीडशे माणसं एका सुरात गात असताना आपलाच आवाज तेवढा वेगळा ऐकू येणं, याहून मोठं एकटेपण कुठलं? आजवर मी तिच्या भरवशावर भरवसा ठेवून होतो, हे मला तिथं कळलं. ती गेली, आणि आमच्या घरातली सगळी खात्री तिच्या शवपेटीबरोबर मातीत उतरली.

मग एका रविवारी प्रभुभोजनाची वेळ आली. पावाचा तुकडा, द्राक्षरसाचा घोट. प्रभूनं आपल्यासाठी देह दिला याची ती आठवण. त्याआधी पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, प्रत्येकानं स्वतःला पारखून मगच पुढं यावं. मी पारखलं. आत पाहिलं, तर रिकामं गोदाम. उठलोच नाही. पुढच्या महिन्यात उठलो नाही, त्याच्याही पुढच्या महिन्यात नाही. सगळ्यांनी पाहिलं. दारात मात्र सगळे माझ्या नव्या विनोदासाठी थांबायचे, आणि मी तो सांगायचो. हसवणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, तू जेवलास का?

दुपारी मात्र मी ठाणाकुशनूरची गाडी धरायचो. तिथं सुमनची मावशी राहते, सुंदराक्का. ऐंशी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांनी अधू, जिभेनं मात्र शाबूत. तिला दर रविवारी शास्त्र वाचून दाखवायचं, असा शब्द सुमननं माझ्याकडून घेतला होता. आक्का भिंतीला टेकून बसते, मांडीवर लसणाच्या कुड्या, बोटांनी पाकळ्या सोलता सोलता ऐकते. आणि ऐकते म्हणजे काय! देवाला मध्येच थांबवते. “थांबा जावई. मागचं पुन्हा म्हणा. त्यो असं कामून बोलला?” मला लहानपणापासून सगळी वचनं पाठ, पण पाठ असणं आणि कळणं यांत किती कोसांचं अंतर असतं, ते या बाईनं मला लसूण सोलता सोलता दाखवलं. आमच्या बिदरच्या लाल खडकातल्या विहिरी पाहिल्या आहेत का तुम्ही? पाणी वरून ओतून त्या भरत नाहीत. उपसून कोरड्या केल्या, तळ दिसला, की खडकाच्या अंगातून थेंब थेंब पाझरू लागतो. मी उपसला गेलो होतो. पाझर कुठं आहे तेवढं पाहायचं राहिलं होतं.

एकदा वाचनात प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा प्रसंग आला. तुमच्यातला एक मला धरून देईल, असं तो ताटावर बसलेल्या शिष्यांना सांगतो, आणि ते सगळे, एकामागून एक, कासावीस होऊन विचारतात, तो मी तर नाही ना? मी वाचत पुढं गेलो. आक्काची बोटं थांबली.

“बाराच्या बारा जनांनी इचारलं?”

“सगळ्यांनी, आक्का.”

“म्हंजी एकालाबी सोताचा भरवसा नव्हता?”

“नव्हता.”

“आन मग? उठवलं त्यास्नी?”

“नाही. त्यानं भाकर मोडली आणि दिली.”

“हूं,” आक्का म्हणाली, आणि पुढची कुडी उचलली. “वाचा फुडं.”

परतीच्या गाडीत उभ्यानं येताना ते “हूं” माझ्याबरोबर हिंदकळत होतं. पन्नास वर्षं मी तो प्रसंग ऐकला. प्रत्येक वेळी माझं लक्ष एकाच माणसाकडे, त्या दगा देणाऱ्याकडे! उरलेले अकरा जण स्वतःबद्दल तितकेच घाबरलेले होते, हे माझ्या नजरेतून कसं सुटलं? मग खात्री म्हणजे आपल्या छातीत हात घालून चाचपायची वस्तूच नव्हे का? ती समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचायची असते का? असं काहीतरी त्या गर्दीत, दांडीला लोंबकळत, मला उमगल्यासारखं झालं. पण गंमत पाहा, बुद्धीला पटलेलं हाताला पटत नाही. पुढच्या प्रभुभोजनालाही मी चपलांजवळ बसूनच राहिलो. उलट आता लाज दुप्पट: कळत नव्हतं तोवर निदान अडाणीपणाची सबब तरी होती.

आणि मी ठरवलं. सांगायला जड जातं, पण ठरवलं. दुसऱ्यांच्या पंगतीत कोपऱ्यात बसून राहणं हेही एक ढोंगच. यापुढं उपासनेला जायचं नाही. रविवारी आक्काला वाचून दाखवायचं, सुमनचा शब्द पाळायचा, आणि देवाला दुरूनच नमस्कार. निर्णय झाला तशी मला चक्क शांत झोप लागली. हरलेल्या माणसाला लागते तशी.

पुढच्या रविवारी ठाणाकुशनूरला पोचलो तर आक्का कोरं लुगडं नेसून काठी घेऊन दारातच उभी. तिकडच्या पाळकसाहेबांकडे पाच गावं. या गावाची पाळी महिन्यातून एकदा, एरवी सकाळीच उरकणारी, आणि ती नेमकी आज दुपारी आलेली. “धरा हात,” आक्का म्हणाली. आंधळ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी तिला धरून देवळात नेलं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पत्र्याचं छोटं देऊळ, तापलेला पत्रा मधूनच टक् टक् वाजतो, सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं. आक्काला मागं बसायचं माहीतच नाही. तिनं मला अगदी पुढं नेऊन बसवलं. चपला कितीतरी मागं राहिल्या.

गाणं झालं, प्रवचन झालं. पावाचं ताट हातोहात फिरू लागलं. या गावची रीत अशी, की प्रत्येकानं आपला तुकडा हातात धरून थांबायचं आणि पाळकसाहेबांनी म्हटलं की सगळ्यांनी मिळून खायचं. ताट माझ्याकडे आलं. मी एक तुकडा उचलून आक्काच्या तळहातावर ठेवला, तिची बोटं त्यावर मिटवली, आणि ताट डावीकडच्या माणसाकडे सरकवलं. इतकं सहज, की कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मनात म्हटलं, झालं. हे शेवटचं. डोळ्यांत काहीतरी आलं ते मी पत्र्याच्या उष्म्यावर ढकललं.

सगळे माना खाली घालून स्तब्ध. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी हात उचलला. तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर काहीतरी सरपटलं. आक्काचा हात. तो चाचपडत माझ्या मनगटापर्यंत आला, मुठीपर्यंत आला, आणि एकेक बोट उलगडू लागला. लसूण सोलणारी ती बोटं, त्यांच्यापुढं माझ्या मुठीचं काय चालणार? मूठ उघडली. आत काही नव्हतं. आक्कानं तळहातावरून दोनदा बोट फिरवलं, खात्री करून घेतली. मग आपला तुकडा मोडला, अर्धा माझ्या हातात दाबला, आणि त्या भरल्या देवळात, प्रार्थनेच्या ऐन मधोमध, पाळकसाहेबांचा उचललेला हात तसाच राहील इतक्या मोठ्यानं ओरडली:

“अवो, खावा की जावई! वाढणारा खुळा हाय व्हय?”