शिवणखोलीच्या जागी तलाव

मास्तरांच्या परसात पोहण्याचा तलाव झाला तेव्हा सगळ्या गल्लीने त्यांच्या बायकोचं अभिनंदन केलं. "नशीब काढलंत हो मास्तरीणबाई! घरच्या घरी पाण्यात पाय सोडून बसा आता!" जिची खोली पाडून तो खड्डा खणला होता, तिलाच लोक हे ऐकवत होते आणि तीही हसून "हो ना" म्हणत होती. दुसरं काय म्हणणार? बरं, मास्तरीणबाई हे नाव तरी तिचं होतं का? जन्मात तिने कुणाला काही शिकवलं नाही. ती कपडे शिवायची. कुणाचा उजवा खांदा उतरता, कुणाची कंबर दरवर्षी किती वाढते, हे गल्लीतल्या निम्म्या माणसांबद्दल तिला तोंडपाठ होतं. पण नवरा पोहायला शिकवणारा, म्हणून तो मास्तर आणि म्हणून ही मास्तरीण. आपण निदान इथे तरी त्यांना नुसतं बाई म्हणू.

खोली बाईंची होती आणि ती कशी झाली ते सांगायला हवं. आई गेल्यावर माहेरचं घर विकलं गेलं आणि भावंडांत वाटणी झाली. बाईंनी आपल्या वाट्यातून परसात एक खोली उभी केली. एकच, पण मनासारखी. भिंतींना पिवळा रंग, मशिनच्या डाव्या अंगाला मोठी खिडकी, आणि कापड बेतायला कमरेइतकं उंच, लांबलचक टेबल, म्हणजे वाकावं लागू नये. दाराला आतून कडी होती. ती कडी बाईंनी कधी लावली नाही, पण ती आहे एवढ्यानेच त्यांना बरं वाटायचं. मास्तरसुद्धा आत यायचं तर दारावर टकटक करत. संसारात बाईंना मिळालेला हा एवढाच मान, आणि तो त्यांनी स्वतःच्या पैशाने मिळवलेला.

मास्तर माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बाईंना सोपं गेलं असतं. टेकडीवरच्या सार्वजनिक तलावावर त्यांची उभी हयात गेली. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला आणि तोंडात एकच वाक्य, "पाण्याला घाबरायचं नाही, पाण्याला घाबरवायचं!" गावातल्या कित्येकांना त्यांनी धक्का देऊन पाण्यात ढकललं आणि हाताला धरून वरही काढलं. मग एके दिवशी दुरुस्ती परवडत नाही म्हणून तलाव बंद झाला. हातावर थोडी रक्कम टेकवून मास्तरांना घरी पाठवलं. शिट्टी मात्र गळ्यातच राहिली. ती घालून ते दिवसभर ओट्यावर बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सवय."

बाईंना त्यांची दया आली. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

"आपण घरीच तलाव बांधू," मास्तर एके दिवशी जेवताना म्हणाले. "पोरं रांग लावतील. मी काय, कुठेही उभा राहिलो की शिकवलं."

दोन दिवसांत ठेकेदार आला. त्याचं खरं नाव लोक विसरले होते. त्याला सगळे अंदाजे म्हणत, कारण त्या शब्दाशिवाय त्याच्या तोंडून आकडा बाहेर पडत नसे. त्याने परस पावलांनी मोजलं, टाचेने जमीन ठोकली, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, "अंदाजे बसेल तुमच्या पैशात. फक्त ती शेड काढावी लागेल."

"ती शेड नाही," बाई म्हणाल्या. "खोली आहे."

"तेच ते हो," अंदाजे म्हणाला.

मास्तरांनी बाईंना बाजूला घेतलं. "अगं, वर्षाचा तर प्रश्न. पहिल्या वर्षाची फी आली की या कडेला तुला याहून मोठी खोली बांधून देतो. शब्द आहे माझा."

बाईंनी मान डोलावली. ओट्यावर शिट्टी घालून बसलेला नवरा रोज बघण्यापेक्षा वर्षभर घरातल्या बोळात शिवलेलं बरं, असं त्यांना त्या क्षणी खरंच वाटलं.

खोली पाडायला एक सकाळ पुरली. खिडकी भंगारवाल्याने नेली. टेबल बोळात मावेना, तेव्हा मास्तरांनी सुताराला बोलावून ते मधोमध कापून घेतलं. "अर्धं तरी राहिलं की," ते म्हणाले. विटा वाया जायला नकोत म्हणून तलावाच्या कडेच्या पायवाटेखाली घातल्या. मास्तरांना या काटकसरीचा फार अभिमान वाटला. चार जणांना त्यांनी तो बोलून दाखवला.

घरी तलाव बांधायला किती खर्च येतो, असं आजही कुणी बाईंना विचारतं. बाई हसतात. अंदाजेने सांगितलेला खर्च होता खड्ड्याचा आणि सिमेंटचा. निघालेली माती उचलून न्यायची ती वेगळी. परस सखल, पलीकडे ओढा, त्यामुळे खणता खणता खालून पाणी लागलं. ते उपसायचे वेगळे. लाद्या वेगळ्या, पाणी गाळायचं यंत्र वेगळं, त्याचा पंप आणखी वेगळा. "यंत्राशिवाय नाही चालणार?" बाईंनी विचारलं, तर मास्तर आणि अंदाजे दोघेही असे हसले की जणू बाईंनी गाडीला चाकं लागतात का असं विचारलं होतं. शेवटी कठडा राहिला. पोरं येणार म्हणजे कठडा हवाच, आणि मास्तरांचा खिसा तर केव्हाच रिकामा झाला होता. माहेरच्या वाट्यातलं बाईंकडे जे उरलंसुरलं होतं ते त्या कठड्यात गेलं. त्यावर मास्तरांच्या पोहण्याच्या वर्गाची पाटी लागली, निळ्या अक्षरांत. तीत बाईंचा उल्लेख असायचं काही कारण नव्हतं.

काम उरकलं त्या दिवशी मास्तर ती पाटी आणायला गेले होते. अंदाजे अवजारं गोळा करता करता बाईंना म्हणाला, "एक गोष्ट मास्तरांना आठवणीने सांगा. पावसाळ्यात हा तलाव पूर्ण रिकामा करायचा नाही. इथे खाली पाणी आहे. वर पाण्याचं वजन असलं की तलाव जागेवर बसतो. रिकामा केलात तर खालचं पाणी त्याला वर ढकलेल. अख्खाच्या अख्खा उचलेल, होडीसारखा."

बाईंनी जेवताना जसंच्या तसं सांगितलं. मास्तरांचा घास हातातच राहिला, इतकं त्यांना हसू आलं.

"पाण्यातलं तू मला शिकवणार? अगं, टेकडीवर दरवर्षी आम्ही तलाव रिकामा करून घासायचो. उडाला का कधी?"

"तो टेकडीवर होता. इथे ओढा आहे."

"पाणी ते पाणी," मास्तर म्हणाले. विषय संपला.

संपला कुठला! मास्तरांना तो विनोद फारच आवडला. पोरांना सोडायला आलेल्या प्रत्येक आईबापाला ते सांगू लागले, "आमची ही म्हणते, तलाव उडेल! सांभाळून बरं का, पोरं घेऊन उडायचा!" सगळे खदखदून हसत. परसाचं दार बोळाच्या टोकालाच, त्यामुळे बोळात मशिनवर बसलेल्या बाईंना तो विनोद रोज नव्याने ऐकू येई. एकदा तर एका गिऱ्हाइकाने माप देता देता विचारलं, "काय मास्तरीणबाई, तलाव आहे ना जागेवर?" बाईंनी टेप जरा जास्तच आवळला.

पहिलं वर्ष बरं गेलं. वर्ष सरल्यावर बाईंनी खोलीची आठवण केली. मास्तर म्हणाले, "अजून यंत्राचं देणं आहे गं." दुसऱ्या वर्षी मोठ्या रस्त्यावर घसरगुंड्यांचा नवा तलाव निघाला आणि मास्तरांची पोरं तिकडे पळाली. "पाण्याला घाबरवायचं" ऐकायला आता कुणाला वेळ नव्हता. बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा मास्तर वैतागले. "तुला एवढी कसली घाई? बोळात दिवा लावून दिलाय ना?"

दिवा होता. पण तो डोक्यामागे होता आणि हाताची सावली नेमकी सुईवर पडायची. निळ्या गणवेशाला बाईंनी काळ्या दोऱ्याची टीप मारली, तीही एकदा नाही. गिऱ्हाईक गणवेश परत घेऊन आलं आणि त्याचे पुढच्या वर्षीचे गणवेश दुसरीकडे शिवायला गेले. बाईंनी त्या रात्री मास्तरांना हे सांगितलं नाही. सांगून काय उपयोग? ते पलीकडे पाण्यातली पानं काढत बसलेले असायचे.

मग तिसरा पावसाळा आला आणि पंप बिघडला. नवा आणायला पैसे नव्हते. पाणी आधी हिरवं झालं, मग डबक्याचा वास सुटला. शेजाऱ्यांनी डासांवरून नाकं मुरडायला सुरुवात केली. मास्तरांना ते फार लागलं. चांगला आठवडाभर झड लागून जरा उघडीप मिळाली, तशी ते सकाळीच अर्धी चड्डी घालून उठले. "आज रिकामाच करतो आणि घासून लख्ख करतो. टेकडीवर करायचो तसा."

भाड्याचा उपसा पंप आला. त्याचा जाड पाईप बाईंच्या मशिनजवळून बोळातून थेट बाहेरच्या गटारात गेला. बाई बाही जोडत होत्या. पायाजवळून पाणी चाललेलं त्यांना जाणवत होतं.

त्यांना सगळं आठवत होतं. अंदाजेचा एकेक शब्द. वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं. तेवढ्यात मास्तर परसातून ओरडले, "अगं, तो मोठा ब्रश कुठेय?"

बाई उठल्या, मोरीतून ब्रश आणला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तर ब्रश घेऊन वर हसले, "बघ हं, उडतोय की काय!" बाई परत येऊन मशिनवर बसल्या. मजा वाटत होती त्यांना, हे लपवण्यात अर्थ नाही. कित्येक दिवसांत बाही इतकी सरळ जोडली गेली नव्हती.

दुपारी मास्तर जेवायला वर आले, ते बरंच झालं. पानावर बसले असतानाच परसात आधी ताडताड लाद्या फुटल्याचा आवाज झाला, मग जमिनीच्या पोटातून कुणी कण्हल्यासारखा. दोघं धावली. तलावाचं एक टोक जमिनीच्या वर आलं होतं, चांगलं गुडघाभर. कठडा वाकून त्यावरची पाटी उलटी लोंबत होती. पायवाट उखडली होती आणि तिच्याखालच्या विटा उघड्या पडल्या होत्या. काही विटांवर अजून पिवळा रंग होता. बाई त्या विटांकडे बघत राहिल्या. मजा कुठल्या कुठे गेली.

अंदाजे आला. तडा बघितला, टाचेने ठोकलं, या वेळी आकाशाकडे बघितलं नाही. "हा काही आता खाली बसायचा नाही. फोडायचा आणि बुजवायचा. फोडायचे वेगळे, भरावाचे वेगळे."

मास्तर पायरीवर बसले होते. शिट्टी गळ्यात नव्हती. ती कधी काढली ते बाईंनाही कळलं नाही. ते म्हणाले, "बुजवू. कर्ज काढावं लागलं तरी बुजवू. आणि वर हिची खोली बांधू." मग बाईंकडे वळून म्हणाले, "या वेळी खरंच."

इतक्या वर्षांच्या संसारात बाईंना त्यांचा खरा आवाज ओळखता येत होता. हा खरा होता. बाईंच्या मनात खिडकी बसलीसुद्धा, डाव्या अंगाला, पहिल्यासारखी.

अंदाजेने घसा खाकरला. "भरावावर लगेच बांधता नाही येत, मास्तर. जमीन ओली, माती पोकळ. अंदाजे चार-पाच पावसाळे जाऊ द्यायचे, भराव बसू द्यायचा. नाहीतर भिंती तडकतील. कडेची पट्टीही आता उखडून पोकळ झाली, आणि दुसरी जागा काय तुमच्या परसात उरलेली नाही."

चार-पाच पावसाळे. तोवर आपल्याला सुईचं नाकच काय, सुई तरी दिसेल का, असं बाईंच्या मनात आलं. एक वाक्य बोलले असते तर तलाव तसाच राहिला असता, हिरवा, घाण. पण त्याच्या कडेची पट्टी घट्ट राहिली असती. आज ना उद्या हा माणूस नमला असता आणि त्या पट्टीवर लहानशी का होईना, खोली उभी राहिली असती. ती आपणच घालवली. हे त्यांना अगदी स्वच्छ कळलं. त्यांनी हात टेकला तो कठडाही वाकडाच होता.

अंदाजे गेला. मास्तर खाली बघतच म्हणाले, "तू सांगितलं होतंस."

"हो."

"मग आज सकाळी का नाही बोललीस?"

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. कापलेलं टेबल होतं, भंगारात गेलेली खिडकी होती, रोजचा तो विनोद होता. बाईंनी त्यातलं काहीच काढलं नाही.

"तुम्ही ब्रश मागितलात," त्या म्हणाल्या. "मी ब्रश दिला."

मास्तरांनी वर बघितलं. ते रागावतील असं बाईंना वाटलं होतं, रागावले असते तर बरंच वाटलं असतं. पण तसं झालं नाही. बाई आत निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत एक गणवेश द्यायचा होता. अर्ध्या टेबलावर बाईंनी कापड पसरलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. ओवला जाईना. पुन्हा घेतला, पुन्हा बाजूने गेला. मास्तर दारात येऊन उभे होते. बोळाला दार नव्हतं, तरी त्यांनी भिंतीवर हलकेच टकटक केली.

"दे इकडे. मी ओवतो."

बाईंनी सुई त्यांच्या हातात दिली.

"कुठला दोरा?"

"निळा."

मास्तर दोऱ्यांच्या डब्यावर वाकले. एक रीळ उचललं, डोळ्यांजवळ नेलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. दिव्याकडे वळून बघितलं, तर स्वतःचीच सावली रिळावर पडली.

"निळा कुठला आणि काळा कुठला..." ते पुटपुटले. "अगं, इथे काही दिसतच नाही."

"नाही दिसत," बाई म्हणाल्या आणि सुई परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला.