परदेशी दुर्बीण आणि माझी स्वच्छता मोहीम

दोन देशांचे संबंध एकदा माझ्या हातून बिघडणार होते. हातात तारेचा ब्रश होता.

परदेशातून खगोलशास्त्रज्ञांची एक तुकडी सकाळचं सूर्यग्रहण मोजायला येणार होती. त्यांच्या वकिलातीने दिल्लीला लिहिलं, दिल्लीने मुंबईला, मुंबईने ठाण्याला, आणि 'सर्वतोपरी सहकार्य करावे' असे शेरे गोळा करत ते पत्र डोंबिवलीत, मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत पोचलं. त्यांना आमची मोकळी गच्ची हवी होती. सेक्रेटरी मी. (दुसरं कोणी तयार नव्हतं.) दिल्लीचा शिक्का बघून माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटलं!

आदल्या दिवशी अंधार पडल्यावर तुकडीच्या प्रमुख आनाबाईंनी ध्रुवतारा बघून दुर्बिणीच्या तीन पायांच्या जागा गच्चीवर खडूने आखल्या. दिवसा तारा दिसत नाही, म्हणून सकाळी दुर्बीण नेमकी त्याच खुणांवर ठेवायची होती. हे त्यांनी मला इंग्रजीत दहा मिनिटं समजावलं. मी दहाही मिनिटं 'येस मॅडम' म्हणत होतो. कळलं काहीच नाही, पण देशाच्या अब्रूचा प्रश्न होता!

सकाळी उठून मी पाहुण्यांसाठी गच्ची पाइपने धुऊन काढली. तीन लाल डाग काही हटेनात. कोणीतरी पान खाऊन थुंकलंय अशी माझी खात्री. तारेच्या ब्रशने घासघास घासले, शेवटी वैतागून वर भलीमोठी रांगोळी काढली आणि 'सुस्वागतम्' लिहून टाकलं.

आनाबाई आल्या. रांगोळी बघून हसल्या, मग खाली काहीतरी शोधायला लागल्या, मग मटकन बसल्याच. ग्रहणाला अर्धा तास उरलेला. बाई एवढ्या लांबून त्या एका सकाळसाठी आली होती. आपण काय करून बसलो ते आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात माझी बायको वर्षा चहा घेऊन वर आली.

"अहो, खुणा आहेत की," ती म्हणाली. "खडू पुसला जाईल म्हणून कालच मी नेलपॉलिशने गिरवल्यात."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी त्याची मीटिंग लावली असती."

तिने झाडूच्या दोन फटक्यांत माझं सुस्वागतम् बाजूला केलं. खाली तिन्ही लाल ठिपके शाबूत! दुर्बीण उभी राहिली, ग्रहण मोजलं गेलं, आनाबाईंनी वर्षाला मिठी मारली.

परवा आनाबाईंच्या दुसऱ्या मोहिमेचं पत्र आलं, त्याच दिल्ली-मुंबई-ठाणे मार्गाने. गच्ची हवी आहे, वर्षाताईंचं सहकार्य हवं आहे, आणि काम संपेपर्यंत सेक्रेटरींना गच्चीवर येऊ देऊ नये. सोसायटीतर्फे 'मान्य' असं लिहून खाली सही करायला अर्थातच मलाच बसवलं.