आनंदराजची सुट्टी

आमच्या दवाखान्यात सर्व्हर म्हंजे आनंदराज, अन् आनंदराज म्हंजे सर्व्हर. तो अडला की याला असेल तिथून ओढून आणायचं. मी शिवगंगा, औशाची, बिलाच्या काउंटरवर बसते. सगळं डोळ्यांनी बघितलंय. जळकोटचा हा माणूस लातुरात आला अन् सर्व्हरच्या एवढ्याशा खोलीत त्यानं केस पिकवले.

त्याची आई सरजाबाई. दसऱ्याला लेकाच्या हाताला धरून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, एवढंच तिचं मागणं. दरवर्षी म्हातारी पिशवी भरायची, अन् दरवर्षी डॉक्टरांचा फोन यायचा. आनंदराजनं आणखी एक माणूस ठेवा म्हणलं की डॉक्टर नुसते हसायचे.

यंदा आनंदराजनं सर्व्हरला नेटवर्कची दोन कार्डं लावून त्यांची जोडी बांधली. रोजचं ओझं दोघांनी वाटून घ्यायचं. एक गेलं तर दुसऱ्यानं सगळं ओढायचं. डॉक्टरांसमोर चालू कामात एक वायर उपटून दाखवली. माझं बिल न अडखळता छापून आलं! डॉक्टर खूश. सुट्टी मिळाली. पण दोन्ही वायरी जात होत्या एकाच पेटीत, जिला हे लोक स्विच म्हणतात; सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी बी तिथंच. "सर, पेटी बी दुसरी पायजे," तो कधीचा सांगत होता. "बघू की दिवाळीनंतर," डॉक्टर म्हणायचे.

खंडेनवमीला आमच्याकडं एक्स-रे मशीनपासून सुई-कात्रीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. सर्व्हरला झेंडूचा हार घातला. शिपाई श्रीमंतला वाटलं, लायटिंगची माळ बी पायजेच. बोर्डात जागा न्हाई, म्हणून त्यानं एक पिन काढून माळेची खोचली. काढली ती नेमकी पेटीची! माळ लुकलुकायला लागली अन् दवाखान्यातले सारे कॉम्प्युटर गप्प. रिपोर्ट अडकले, पेशंट माझ्या अंगावर यायला लागले.

आनंदराज तवा नांदेड स्टेशनात होता. आईला अन् संगं निघालेल्या गल्लीतल्या लुंबिनीला गाडीत बसवून पाण्याची बाटली घ्यायला उतरलेला. फोनवर म्हणला, "सर, पेटीचे दिवे लागलेत का, तेवढं कुणाला बघाय लावा."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं? तू निघ आधी!"

दिवे लागलेत का न्हाई ते मला दिसलं असतं की! पण मला विचारतंय कोण?

आईला लुंबिनीच्या हवाली करून तो संध्याकाळी आला. माळेची पिन काढून पेटीची लावली, झालं. "एवढंच होतं होय?" डॉक्टर म्हणले. भांडायचं बी त्राण राहिलं नव्हतं त्याच्यात. मलाच रडू आलं.

दसऱ्याच्या दिवशी माझ्या काउंटरपाशी उभा होता, तेव्हा आईचा फोन आला. लुंबिनीच्या मोबाइलवरून. मागं ही गर्दी, अन् म्हातारी लई खुशीत, मला बी ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलत होती.

"आनंदा, पोचले रे! लुंबिनीनं हात सोडला न्हाई बघ. पुढल्या साली बी हिच्यासंगंच येईन. तू नगं सुट्टी मागू बाबा, लई बोलणी खातोस."

"हाव आई," तो म्हणला.

त्यानंतर आणखी एक माणूस ठेवा, असं त्यानं डॉक्टरांना कधी म्हणलं न्हाई.